उद्योगाची चित्रे आणि हरवलेली जमीन

आमच्या बालपणी यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत दिवेलागणीचा एक ठरलेला विधी असे. कंदिलाची काच राखेने पुसावयाची, वात कातरावयाची, आणि डब्यातून जपून तेल ओतावयाचे. त्या तेलास शाळेतील मास्तर रॉकेल म्हणत, दुकानदार घासलेट म्हणे, आणि घरातील वृद्ध मंडळी मातीचे तेल म्हणत. पुढे इंग्रजी शिकल्यावर कळले की, रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’ आणि घासलेट म्हणजे ‘गॅस लाइट’. दोन्ही शब्द डब्याबरोबर समुद्रापलीकडून आलेले. तिसरे नाव मात्र आपल्या बोलीतले, आणि आमच्या मते तेच सर्वांत खरे. हे तेल तिळाचे नव्हे, जवसाचे नव्हे, सरकीचेही नव्हे. ते मातीचेच होय. पण कोणाच्या मातीचे, आणि ते काढून घेतल्यावर त्या मातीचे काय झाले, हा प्रश्न कंदिलाच्या उजेडात पाढे घोकणाऱ्या आम्हां मुलांच्या मनात कधी आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आम्हांस तो प्रश्न पन्नाशी उलटल्यावर पडला, आणि तोही तेलामुळे नव्हे, कोळशामुळे. त्याची हकीकत पुढे येईलच. तूर्त त्या मातीच्या तेलाच्या मातीकडे वळू. कारण सुदैवाने तिची चित्रे उपलब्ध आहेत, आणि ती चित्रे कशी पाहावी हे एकदा समजले म्हणजे आपल्या जिल्ह्याकडे पाहण्याची दृष्टीही पालटते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात टायटसव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या जवळून वाहणाऱ्या ओढ्यावर पूर्वापार तेलाचा तवंग दिसे, आणि तेथील मूळचे रहिवासी तो गोळा करून औषधास वापरीत. ह्या ओढ्याच्या काठी एडविन ड्रेक ह्या गृहस्थाने यंत्राने विहीर खोदविली, आणि २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर तिला तेल लागले. पुढील वर्षी, म्हणजे १८६० मध्ये, इंग्लंडहून अमेरिकेत येऊन राहिलेला जॉन मेदर नावाचा एक छायाचित्रकार आपले सामान घेऊन टायटसव्हिलला आला आणि जन्मभर तेथेच राहिला. डागेरची छायाचित्रणाची युक्ती फ्रान्सात १८३९ मध्ये जाहीर झाली होती. तिच्यानंतर अवघ्या वीस वर्षांनी तेलाचा धंदा जन्मास आला. ज्याच्या पाळण्याशेजारी पहिल्या दिवसांपासून कॅमेरा उभा होता अशा थोड्या उद्योगांपैकी हा एक होय. कापडाच्या गिरण्यांस किंवा लोखंडाच्या भट्ट्यांस हे भाग्य लाभले नव्हते.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखा बोटाचा खेळ नव्हता. फ्रेडरिक आर्चर ह्या इंग्रजाने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत सर्वत्र रूढ होती. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव पसरावयाचा, ती काच अंधाऱ्या जागी सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे, आणि सुकण्यापूर्वीच पुन्हा अंधारात नेऊन ते उमटवावयाचे. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणून जेथे चित्र घ्यावयाचे तेथे अंधारी कोठडीही बरोबर न्यावी लागे. मेदरने तर एका तरफ्यावरच आपली कोठडी उभारली होती, आणि ती घेऊन तो ओढ्यावरून विहिरी विहिरी फिरत असे. काचेवर प्रकाश पुरेसा पडावा म्हणून कॅमेरा काही क्षण उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळात जे स्थिर राहील ते स्पष्ट उमटे, आणि जे हलेल त्याचा धुरकट डाग होई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. उद्योगाच्या जुन्या चित्रांत इमारती, यंत्रे आणि मालक रेखीव दिसतात, आणि काम करणारा माणूस पुष्कळदा धुक्यासारखा दिसतो, ह्याचे एक कारण रसायनशास्त्रात आहे. दुसऱ्या कारणाकडे आपण लवकरच येऊ.

मेदरच्या चित्रांत काय दिसते? लाकडाचे उंच मनोरे, त्यांच्या पायथ्याशी इंजिनांच्या झोपड्या, पिंपांच्या राशी, चिखलात रुतलेल्या गाड्या, आणि टोप्या घालून कॅमेऱ्याकडे पाहणारे विहिरींचे धनी. हे चित्र त्या धन्यांनी हौसेने काढवून घेतलेले असे. भागीदारांस दाखवावयास, दिवाणखान्यात लावावयास, आपण काय उभे केले ह्याची साक्ष म्हणून ते उपयोगी पडे. पण धन्यावरून दृष्टी काढून त्याच्या पाठीमागे पाहिले म्हणजे निराळीच कथा वाचावयास मिळते. मागील टेकडी उघडी पडली आहे. तिच्यावर झाडांच्या जागी खुंट आहेत, आणि खुंटांच्या मधून मनोरे उभे आहेत. मनोरे लाकडाचे, पिंपे लाकडाची, वाफेच्या बाष्पकात जळण लाकडाचे, चिखलावर टाकलेल्या फळ्याही लाकडाच्या. तेव्हा तेल जमिनीखालून निघाले खरे, पण त्याची पहिली किंमत जमिनीवरच्या अरण्याने भरली. मेदरला हे दाखवावयाचे नव्हते. तो काही उद्योगाचा टीकाकार नव्हता. त्याने स्वतःही तेलाच्या विहिरींत पैसा घातला होता. पण काचेला धन्याची मर्जी कळत नाही. भिंगासमोर जे जे येईल ते ते ती घेते.

त्याच प्रदेशात पिटहोल नावाचे एक शहर होऊन गेले. १८६५ च्या जानेवारीत तेथे तेल लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी तेथे सुमारे १५ हजार वस्ती झाली; खाणावळी, नाटकगृहे, पेढ्या, सारे काही झाले. विहिरी आटल्या, आगी लागल्या, लोक पांगले. आणि १८७७ मध्ये नगर म्हणून त्याचे अस्तित्व कायद्यानेही संपुष्टात आले. आज तेथे गवत आहे. मेदरच्या काचा नसत्या तर तेथे शहर होते हे वाचूनही डोळ्यांपुढे उभे राहिले नसते.

परंतु ह्या साक्षीदारावरही डोळे झाकून विश्वास टाकता येत नाही. ड्रेकच्या विहिरीचे जे जगप्रसिद्ध चित्र आहे, ज्यात उंच टोपी घातलेला ड्रेक आपल्या एका मित्राबरोबर मनोऱ्यासमोर उभा आहे, ते १८६६ मधले होय. विहिरीचा मूळ मनोरा १८५९ च्या ऑक्टोबरातच जळून गेला होता. म्हणजे शाळांच्या पुस्तकांतून ‘पहिली तेलविहीर’ म्हणून जे दाखवितात ते दुसऱ्या मनोऱ्याचे, सात वर्षांनंतर मुद्दाम उभे राहून काढविलेले चित्र आहे. चित्र खोटे नाही. पण ते ज्या क्षणाचे म्हणून सांगतात त्या क्षणाचे नाही. आणखी एक गोष्ट. मेदरने जन्मभरात सुमारे २० हजार काचा उमटविल्या. त्यांतील बहुतेक १८९२ च्या जूनमध्ये त्याच ओढ्यास आलेल्या पुराने आणि त्याबरोबर पाण्यावरून पसरलेल्या तेलाच्या आगीने नष्ट झाल्या. ज्या उद्योगाचे चरित्र त्याने लिहिले, त्याच उद्योगाच्या तेलाने ते मोठ्या अंशी जाळले. उरल्या त्या काही हजार काचा आज टायटसव्हिलजवळच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

आता आपल्या देशाकडे येऊ. छायाचित्रणाची विद्या मुंबईस फार उशिरा आली असे नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे तिच्या कार्यकारी मंडळात डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ह्या विद्येचा वर्गही निघाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे छायाचित्रकार त्यातून तयार झाले. ह्याच सुमारास सह्याद्रीच्या उरावर एक प्रचंड काम चालले होते. १८५६ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग नेण्यास आरंभ झाला. सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढण, २५ बोगदे, अनेक पूल. आणि एकेका हंगामात २५ हजारांवर, १८६१ मध्ये तर ४० हजारांवर, मजूर. १८५९ हे वर्ष येथेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या आरंभी मजुरी हातात पडत नाही म्हणून मजुरांनी दंगा केला, आणि मूळच्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार आला. पण काही आठवड्यांतच आजाराने त्याचा अंत झाला. तेव्हा त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले, दोन अनुभवी इंजिनिअरांच्या हाती कामाची व्यवस्था दिली, आणि घाट पुरा करविला. १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या हस्ते तो खुला झाला.

ह्या बाईला छायाचित्रणाची विद्या अवगत होती. घाटाच्या कामाची तिच्या नावे ओळखली जाणारी छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. आमच्या समजुतीप्रमाणे महाराष्ट्रातील औद्योगिक छायाचित्रणाचा हा आरंभच होय, आणि तो एका स्त्रीच्या हातून झाला ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींस विशेष वाटेल. पती गमावलेली, परक्या देशात, कोट्यवधी रुपयांच्या कामाची जबाबदारी शिरावर घेतलेली ही स्त्री जड कॅमेरा आणि काचा घेऊन खंडाळ्याच्या कड्यांवरून फिरत असेल, ही कल्पनाच मनास चकित करते. तिची चित्रे सुंदर आहेत. कापलेला कडा, अर्धवट बांधलेल्या पुलाच्या कमानी, बोगद्याचे काळे तोंड, आणि त्या सर्वांच्या मानाने मुंगीएवढी माणसे.

तथापि, येथेही पाठीमागे पाहिले पाहिजे. त्या वर्षांत पटकीने हजारो मजूर मेले. त्या मृत्यूंचे चित्र नाही. मजुरांच्या दंग्याचे चित्र नाही. रूळांखालच्या तुळयांसाठी, चुन्याच्या आणि विटांच्या भट्ट्यांसाठी जे अरण्य तुटले त्याचे ‘तोडण्यापूर्वीचे’ चित्र तर नाहीच नाही. घाटातील एक मोठा पूल १८६७ मध्ये कोसळला; म्हणजे चित्रे पक्की ठरली आणि बांधकाम कच्चे ठरले. नंतरच्या काळातही हाच प्रकार दिसतो. १८७७ मध्ये ऑस्कर मॅलिट ह्या छायाचित्रकाराने अलाहाबादकडील निळीच्या कारखान्याची चित्रमाला तयार केली. पेरणीपासून निळीच्या वड्यांपर्यंत प्रत्येक कृती तीत क्रमाने दिसते. पण निळीपायी रयतेच्या डोक्यावर बसलेले कर्ज आणि जुलूम तीत कोठेच दिसत नाहीत.

ह्यावरून आम्ही एक निष्कर्ष काढतो. हे जे दुसरे कारण आम्ही मघाशी सांगू म्हणालो ते हेच. उद्योगाच्या पदरी असलेला कॅमेरा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: ‘आम्ही काय केले?’ येथे पूर्वी काय होते, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. आणि विचारला जातो तेव्हा उत्तर देण्याची वेळ टळून गेलेली असते. जमीन खोदण्यापूर्वीच्या दिवशी ती कोणासही चित्र काढण्याजोगी वाटत नाही. नांगर चाललेले शेत, बांधावरची बाभूळ, मोटेची विहीर, ह्यांत नवल ते काय? नवल वाटू लागते ते नाहीसे झाल्यावर.

बोरघाट झाला म्हणून वऱ्हाडात काय झाले, हे आता सांगावयाचे आहे. कारण घाटाचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. घाट ओलांडता येऊ लागल्यावर लोहमार्गाच्या महाराष्ट्रातील शाखा झपाट्याने वाढल्या. थळघाटातून गेलेली फाटी वऱ्हाडचा कापूस शोधीत बडनेरा आणि वर्धा ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. अमेरिकेत चाललेल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीस एकाएकी सोन्याचे मोल आले होते. पण इंजिनास कापूस चालत नाही. त्यास कोळसा लागतो. विलायती कोळसा जहाजाने मुंबईस आणून तेथून पाचशे मैल आत नेणे फार महाग पडे. म्हणून भूगर्भशास्त्र्यांची नजर वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळली. नदीच्या पूर्वेस वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू झाली, आणि १९०६ मध्ये ती बंद पडली. नदीच्या पश्चिमेस आमचे वणी. त्या काळी सबंध जिल्ह्यासच वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव जिल्ह्यास १९०५ मध्ये मिळाले.

१८७७ मध्ये भारतीय भूगर्भ खात्याचे ह्यूज ह्यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळशाविषयी आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात खडकांच्या थरांची काळजीपूर्वक मांडणी केलेली आहे. आमच्या पुढे प्रश्न असा: त्या वेळचे वणी दिसत कसे होते? ह्या प्रश्नास नकाशे आणि थरांचे छेद उत्तर देऊ शकत नाहीत. भूगर्भशास्त्रज्ञाची नजर जमिनीतून आरपार जाते; काळी माती, तिच्यावरची पऱ्हाटी, पळसाची झाडे, निर्गुडेच्या काठची वस्ती, हे त्याच्या लेखी वरचे आच्छादन. कोळसा सुमारे २५ कोटी वर्षांचा. त्याच्यावरच्या शेताची दोनचारशे वर्षे त्याच्या हिशेबात बसत नाहीत. ह्यात आम्ही त्या विद्वानास दोष देत नाही. पण शब्द आपले काम करीत राहतात. आजही खाणीच्या भाषेत कोळशावरच्या सर्व मातीस आणि दगडास ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात, म्हणजे वरचे ओझे. ज्या मातीवर पिढ्या जगल्या तिला ओझे म्हणावयाची सवय लागली, की ती उतरवून ठेवण्यास हात कचरत नाही.

वणीजवळ राजूर येथे जुन्या काळी जमिनीखाली बोगदे करून कोळसा काढीत; वर शेते तशीच राहत. १९७३ मध्ये देशातील कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, आणि त्यानंतरच्या दशकांत उघड्या खाणींचे युग आले. उकणी, निलजई, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा ही वणी तालुक्यातील नावे आज शेतीपेक्षा खाणींमुळे अधिक ठाऊक आहेत. उघडी खाण म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रथम वरची काळी माती काढतात, मग तिच्याखालचा मुरूम, मग दगड, आणि मग कोळसा. काढलेला माल बाजूस टाकतात आणि त्याचा डोंगर होतो. माती नियमाप्रमाणे निराळी साठवून परत पसरावी असे असते. ती तशी राखली नाही तर जे प्रथम काढले ते डोंगराच्या तळाशी जाते आणि जे शेवटी काढले ते माथ्यावर येते. अर्थात तो डोंगर म्हणजे उलटी घातलेली जमीन होय. दुरून पाहणाऱ्या प्रवाशास तो टेकडीच वाटतो. त्यावर वेड्या बाभळी वाढतात, रानडुकरे आणि वाघही त्यांच्या आश्रयास येतात. आणि आणखी पन्नास वर्षांनी एखादा भूगोलाचा विद्यार्थी त्या टेकड्या मूळच्याच समजला तर त्यास हसता येणार नाही. खड्ड्यात पाणी साचते ते पंपाने उपसावे लागते, आणि आसपासच्या विहिरी खोल जातात अशी गावकऱ्यांची तक्रार असते. कोळशाची धूळ फुटलेल्या बोंडांवर बसते, आणि पांढरा कापूस काळवंडला म्हणून भाव उतरतो, असे शेतकरी सांगतात.

ह्या सर्वाचा विचार आम्ही पुस्तकांतून करीत होतो तोपर्यंत तो शांतपणे चालला होता. दोन वर्षांपूर्वी मात्र पदवीच्या वर्गास आम्ही एक काम दिले: आपल्या घरातील सर्वांत जुने छायाचित्र आणावे आणि त्यावर पानभर लिहावे. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे आजोबा, पणजोबा, मुंजी, लग्ने आणली. वणीकडच्या एका विद्यार्थिनीने जे चित्र आणले त्यात पाच माणसे एका बांधावर ओळीने उभी होती. चित्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, तालुक्याच्या गावाहून बोलावलेल्या कोणा छायाचित्रकाराने काढलेले, कडा खाल्लेले. त्यात विशेष काही आहे असे आम्हांस वाटले नाही. आम्ही विचारले, “ह्यात तुझे आजोबा कोणते?”

ती म्हणाली, “उजवीकडून दुसरे, सर. पण आबाजी हा फोटो स्वतःसाठी ठेवत नाहीत. मी त्यांना एकदा म्हटलं, आबाजी, तुम्ही किती तरणे दिसता. तर ते म्हणाले, मले काय पायतं पोरी, मांगं पाय. आपलं वावर दिसून रायलं.”

आम्ही मागे पाहिले. माणसांच्या खांद्यांवरून पऱ्हाटीच्या तासांच्या रेषा दूरवर गेलेल्या दिसत होत्या. डाव्या बाजूस चिंचेचे एक मोठे झाड, त्याच्याखाली विहिरीचे थारोळे, आणि क्षितिजावर गावाची कौले. ते सर्व आज खाणीत आहे. मोबदला मिळाला, घरातील एकास नोकरी मिळाली, नव्या वसाहतीत पक्के घर झाले. हे तिने काही न लपविता लिहिले होते. पण ते शेत, ती चिंच, ती विहीर ह्यांचे जगात दुसरे चित्र नाही. संपादनाच्या कागदांत झाडांची संख्या आहे, विहिरीची खोली आहे, जमिनीचा आकार आहे. ती विहीर चिंचेच्या कोणत्या बाजूस होती हे मात्र फक्त ह्या चित्रात आहे, आणि तेही छायाचित्रकाराच्या मनात नसताना आलेले. मेदरच्या काचेवर जशी उघडी टेकडी नकळत आली, तसे येथे नांदते शेत नकळत आले. तेथे धन्याच्या मागे नुकसान उमटले. येथे कुटुंबाच्या मागे नुकसान होण्यापूर्वीची जमीन उमटली. आम्ही तीस वर्षे इतिहास शिकविला. पण चित्राच्या कोणत्या भागाकडे पाहावे हे आम्हांस एका शेतकऱ्याने शिकविले, आणि आम्ही पाहण्यात चुकलो होतो हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, प्राध्यापकमहाशय विजेच्या दिव्याखाली बसून खाणींच्या नावाने खडे फोडीत आहेत. आक्षेप खरा आहे. वर्धा खोऱ्याचा कोळसा चंद्रपूरच्या मोठ्या विद्युत केंद्रात जळतो, आणि ज्या विजेने आमचा कंदील अडगळीत गेला ती अशाच केंद्रांतून येते. मातीचे तेल पेनसिल्व्हेनियाचे असो की ब्रह्मदेशाचे, ते जाळून आमच्या वाडवडिलांनी पोथ्या वाचल्या आणि आम्ही परीक्षा दिल्या. खाण नको असे म्हणण्याचा अधिकार आमच्यासारख्यांस फारसा नाही. पण ज्याचे आपण घेतो त्याची नोंद ठेवणे, एवढे तरी कर्तव्य आपल्याकडे राहतेच. पेनसिल्व्हेनियातील माणसे दूरची होती; त्यांच्या टेकड्या कशा होत्या हे आम्हांस ठाऊक नव्हते ह्यात क्षमा आहे. वणी यवतमाळपासून काही तासांच्या वाटेवर आहे. तेथील जमीन आमच्या डोळ्यांदेखत पालटली, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, आणि तरीही खोदण्यापूर्वीच्या शेतांचा व्यवस्थित चित्रसंग्रह आमच्या पाहण्यात नाही. ह्यास अज्ञान म्हणता येत नाही. ही आमची उदासीनता आहे.

उपाय फारसा अवघड नाही, आणि त्यास सरकारी मंजुरीही नको. एक तर आपल्या घरचे जुने संग्रह पुन्हा उघडावे, आणि माणसांची नावे लिहून झाल्यावर त्यांच्या पाठीमागे काय आहे तेही लिहावे: गावाचे नाव, शेताचा गट, चित्र कोणत्या दिशेकडे तोंड करून काढले ते, आणि दिसणारी झाडे. हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ती गेल्यावर चित्र राहील पण त्याची भाषा जाईल. दुसरे असे की, जेथे जमीन संपादनाची सूचना निघाली आहे तेथील तरुण मुलांनी पहिला नांगर ज्या बांधावरून सुरू होतो तेथपासून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत सर्व काही ओळीने टिपून ठेवावे. सुंदर दिसते ते निवडू नये, जे आहे ते घ्यावे. तिसरे, कॉलेजांनी आणि तालुक्यांच्या वाचनालयांनी ह्या चित्रांच्या प्रती ठेवण्यास एक कपाट द्यावे. मेदरच्या काचा एकाच जागी होत्या म्हणून एका पुरात गेल्या. प्रती दोन-तीन ठिकाणी असाव्या, एवढा धडा त्यापासून घ्यावा.

त्या विद्यार्थिनीच्या चित्राची एक प्रत आमच्या विभागाच्या कपाटात आहे. तिच्या मागील बाजूस तिने आपल्या आजोबांना विचारून गावाचे आणि शेताचे नाव, विहिरीची दिशा आणि चिंचेचे अंदाजे वय लिहिले आहे. उभ्या असलेल्या पाच जणांपैकी तिघांची नावेही आहेत. उरलेल्या दोघांची आबाजींना आठवली नाहीत. चिंचेचे वय मात्र त्यांनी ताबडतोब सांगितले.